छपराला भोक, घर खपेना

ऐका ऐका, कान इकडे टेका. मांडीवर नीट बसा. चुळबुळ नको. हं, आता सांगते.

एक होता खेकडा. केवढा? चिंचोक्याएवढा. नाव त्याचं टिचकू.

टिचकू राहायचा शंखात. शंख म्हणजे त्याचं घर. घर कुठे? पाठीवर! टिचकू चालला की घर चाललं. टिचकू थांबला की घर थांबलं.

एकदा काय झालं? एक दांडगी लाट आली. सळ्ळ्ळ्! टिचकू गडगडला. गडगड गडगड गडगड... खाट्! दगडावर आपटला.

टिचकूला काही लागलं नाही. पण घराचा टवका उडाला. छपराला भोक पडलं. हे एवढंसं.

आणि टिचकूला कळलंच नाही! घर पाठीवर. मग छप्पर दिसणार कसं? तुम्हाला दिसते का तुमची पाठ? बघा बरं वळून. दिसली? नाही ना! तसंच टिचकूचं झालं.

आता टिचकू रोज मोठा होत होता. घर मात्र होतं तेवढंच. डोकं आत घेतलं की पाय बाहेर. पाय आत घेतले की डोकं बाहेर. झोपताना तर फारच पंचाईत. बिचारा नुसता आखडून जायचा.

एके दिवशी वाळूत एक नवाकोरा शंख आला. भला थोरला. आणि रिकामा!

भोपळूदादाने तो पाहिला. भोपळूदादा म्हणजे लठ्ठ खेकडा. तो म्हणाला, "हा शंख मी घेतो. माझं जुनं घर कुणाला हवं?"

"मला! मला! मला!" टिचकू ओरडला.

"घे की. पण आधी तुझं घर विक."

खेकड्यांची रीतच आहे तशी. रिकामं घर मागे टाकायचं नाही. आधी आपलं घर विकायचं. मगच दुसऱ्या घरात शिरायचं. घराचं मोल एक गुलाबी शिंपला. धाकट्याने मधल्याला द्यायचा. मधल्याने थोरल्याला द्यायचा. थोरल्याने समुद्राला द्यायचा. शंख समुद्राचाच ना!

"लवकर कर हं," भोपळूदादा म्हणाला. "भरती येतेय. नवा शंख वाहून गेला, तर मी इथेच. आणि तूही तिथेच!"

नको रे बाबा! टिचकूला ते घट्ट घर मुळीच नको होतं. त्याला मोठंच घर हवं होतं.

घर विकायचं, तर घर छान दिसायला हवं. पण टिचकूकडे होतं काय? एक कुरमुरा. कुणीतरी भेळ खाल्ली होती, त्यातला सांडलेला. बस्स. तेवढीच त्याची पुंजी.

म्हणून टिचकूने फुकटात होईल ते सगळं केलं. आतली वाळू झाडली. सप् सप् सप्. बाहेरचं शेवाळ खरवडलं. खर् खर् खर्. पाण्यात बुचकळलं. बुडुक बुडुक. घर झालं चकचकीत!

मग ठिपकी आली घर बघायला. ठिपकी म्हणजे अगदी छोटी खेकडी. साबुदाण्याएवढी. तिला अजून घरच नव्हतं, पानात गुंडाळून फिरायची. आल्या आल्या तिने घराला एक फेरी मारली.

"छान आहे हं," ठिपकी म्हणाली.

मग ती आत डोकावली.

"अय्या! आत ऊन कसं?"

"कुठलं ऊन?" टिचकू म्हणाला.

"वरून येतंय बघ. छपराला भोक आहे! मला नको बाई गळकं घर. भोक बुजव, मग घेते."

टिचकूचं तोंड एवढंसं झालं. पण रडत बसून भोक बुजतं का? नाही बुजत. भोक बुजतं मेणाने. आणि मेण असतं मधमाशीकडे.

निघाला टिचकू. तुरतुर तुरतुर, तिरका तिरका. पाठीवर घर. नांगीत कुरमुरा.

मधमाशी बसली होती काठीवर. गुंऽऽ गुंऽऽ.

"माशीताई, माशीताई, मेण दे ना!
भोक बुजेना,
घर खपेना!
तुला माझा कुरमुरा देईन."

माशी म्हणाली, "कुरमुरा ठेव तुझ्याकडे. मला हवं फूल. फुलातून मध, मधातून मेण. आधी वेल फुलू दे. मग देते."

मागून लाट म्हणाली, सळ्ळ्! आले हं, आले!

निघाला टिचकू. तुरतुर तुरतुर, तिरका तिरका.

वाळूवर पसरली होती मर्यादवेल. हिरवी हिरवी, लांब लांब. पण फूल एकही नाही.

"वेलमावशी, वेलमावशी, फुलून ये ना!
माशी मेण देईना,
भोक बुजेना,
घर खपेना!
तुला माझा कुरमुरा देईन."

वेल म्हणाली, "मला कुठलं रे तोंड, कुरमुरा खायला! आणि फुलू कशी? माझ्या कळीवर बकरी बसलीय. आधी बकरीला उठव. मग फुलते."

मागून लाट म्हणाली, सळ्ळ्! आले हं, आले!

निघाला टिचकू. तुरतुर तुरतुर, तिरका तिरका. फार लांब नाही जावं लागलं. बकरी तिथेच तर होती! तिचं नाव शेवंती.

"शेवंतीकाकू, शेवंतीकाकू, ऊठ ना!
वेल फुलेना,
माशी मेण देईना,
भोक बुजेना,
घर खपेना!
तुला माझा कुरमुरा देईन."

"बें!" शेवंती म्हणाली. "एका कुरमुऱ्याने माझा एक दातसुद्धा भरणार नाही. आणि उठू कशी? खुंट्याभोवती गोल गोल फिरले. दोरी गुंडाळली गेली. आता मानही हलत नाही. आधी तात्यांना दोरी सोडायला सांग. मग उठते."

"गोल गोल कशाला फिरलीस?"

"मज्जा वाटली म्हणून!"

घ्या! आता हिला काय बोलणार?

मागून लाट म्हणाली, सळ्ळ्! आले हं, आले!

निघाला टिचकू. तुरतुर तुरतुर, तिरका तिरका.

होडीच्या सावलीत बसले होते भिवातात्या. शेवंती त्यांचीच बकरी. तात्यांच्या मांडीवर मासे धरायचं जाळं. जाळं फाटलेलं. तात्या ते विणत होते. पण हात एका जागी थांबले होते.

"भिवातात्या, भिवातात्या, दोरी सोडा ना!
बकरी उठेना,
वेल फुलेना,
माशी मेण देईना,
भोक बुजेना,
घर खपेना!
तुम्हाला माझा कुरमुरा देईन."

तात्यांनी खाली बघितलं. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग दिसला टिचकू.

"अरे इवल्या, तू खंयसून इलंस?" तात्या हसले. "कुरमुरो ठेव तुझ्या तोंडात. माझी जाळ्याची सुई वाळूत पडली बघ. हातातली गाठ सोडली, तर सगळा जाळा उसवतला. सुई गावल्याबिगर मी काय उठत नाय. त्या भुऱ्याक सांग, सुई शोधून दी म्हणून."

आता भुऱ्या कोण? भुऱ्या म्हणजे तात्यांचा कुत्रा. सुईला येतो माशांचा वास. वास घेत घेत भुऱ्या ती बरोब्बर शोधणार. पण भुऱ्या होता कुठे?

मागून लाट म्हणाली, सळ्ळ्! आले हं, आले! आता ती थोडी जवळ आली होती.

निघाला टिचकू. तुरतुर तुरतुर, तिरका तिरका.

भुऱ्या बसला होता होडीच्या पलीकडे. कान खाजवत होता. खरड खरड खरड. थांबतच नव्हता.

"भुऱ्यादादा, भुऱ्यादादा, सुई शोध ना!
तात्या दोरी सोडेनात,
बकरी उठेना,
वेल फुलेना,
माशी मेण देईना,
भोक बुजेना,
घर खपेना!
तुला माझा कुरमुरा देईन."

"भो! हाड असतं तर गोष्ट वेगळी," भुऱ्या म्हणाला. "आणि सुई काय शोधू? कानात गोचीड शिरलीय. ती चावते. मी खाजवतो. ती चावते. मी खाजवतो. आधी साळुंकीला सांग, गोचीड काढ म्हणावं. मग शोधतो."

खरड खरड खरड. लागला पुन्हा खाजवायला.

मागून लाट म्हणाली, सळ्ळ्! आले हं, आले!

निघाला टिचकू. तुरतुर तुरतुर, तिरका तिरका. दमला होता हो! एवढंसं पोर, आणि घर पाठीवर. पण थांबला नाही.

साळुंकी बसली होती काट्यांच्या कुंपणावर. पिवळी चोच. पिवळे पाय. पंख फडफडवत होती, पण उडत नव्हती.

"साळुंकीताई, साळुंकीताई, गोचीड काढ ना!
भुऱ्या सुई शोधेना,
तात्या दोरी सोडेनात,
बकरी उठेना,
वेल फुलेना,
माशी मेण देईना,
भोक बुजेना,
घर खपेना!
तुला माझा कुरमुरा देईन."

"काढली असती रे," साळुंकी म्हणाली. "गोचीड काढायला मला फार आवडतं. पण माझा पाय बघ. जाळ्याचा दोरा गुंडाळलाय. सकाळपासून अडकलेय. आधी कुणालातरी दोरा कापायला सांग. मग काढते."

मागून लाट म्हणाली, सळ्ळ्! आले हं, आले!

टिचकूने इकडे बघितलं. कुणी नाही. तिकडे बघितलं. कुणी नाही. सगळ्यांकडे तर जाऊन झालं! आता कुणाकडे जायचं?

टिचकू वाळूत बसला. एकटाच म्हणू लागला,

"साळुंकी गोचीड काढेना,
भुऱ्या सुई शोधेना,
तात्या दोरी सोडेनात,
बकरी उठेना,
वेल फुलेना,
माशी मेण देईना,
भोक बुजेना,
घर खपेना!"

आणि त्याला रडूच आलं. खरंखुरं रडू. एका नांगीत कुरमुरा होता. म्हणून त्याने दुसऱ्या नांगीने डोळे पुसले.

नांगीने!

अरे वेड्या टिचकू! नांगी म्हणजे काय? तुम्हाला कळलं ना? कात्रीच की ती! सगळ्या किनाऱ्याला विचारत फिरला, आणि कात्री याच्याच हातात!

टिचकूने नांगी उघडली. नांगी मिटली. उघडली. मिटली. कट् कट्!

"साळुंकीताई, पाय हलवू नकोस हं," टिचकू म्हणाला.

तो कुंपणावर चढला. घरासकट! दोऱ्याजवळ गेला. कट्. दोरा जाड होता. कट्. तुटेना. कट् कट् कट्... कटाक्!

तुटला!

साळुंकीने पाय झाडला. पंख पसरले. पण एक उडी मारली, आणि धप्! खाली बसली.

"काय झालं?" टिचकूने विचारलं.

"सकाळपासून काही खाल्लं नाही रे," साळुंकी म्हणाली.

टिचकूने कुरमुऱ्याकडे बघितलं. एकच तर होता. त्याने तो साळुंकीच्या पुढ्यात ठेवला.

"खा," टिचकू म्हणाला.

कुर्रुम! साळुंकीने कुरमुरा खाल्ला. आणि काय सांगू! भुर्रर्र उडाली!

मग काय झालं माहितेय? म्हणा माझ्याबरोबर.

साळुंकीने गोचीड काढली. टुच्!

भुऱ्या उठला. वाळूत नाक खुपसलं. सूं सूं सूं. सुई शोधली. भो!

तात्यांनी सुई घेतली. गाठ पक्की केली. उठले आणि दोरी सोडली. सर्रर्र! "परत गोल गोल फिरलंस, तर बघ हां!" तात्या म्हणाले. शेवंतीने ऐकलं की नाही, देव जाणे.

शेवंती उठली. बें!

वेल हलली. कळी हलली. फूल फुललं. फट्! जांभळं जांभळं, गोल गोल.

माशी फुलात शिरली. गुंऽऽ. पोटभर प्यायली. मग तिने मेण दिलं. इवलंसं, पिवळं. आणि नुसतं दिलं नाही, स्वतः बसून छपराला लावलं. चिप् चिप् चिप्.

भोक बुजलं!

"थांब जरा," वेल म्हणाली. तिने एक पाकळी खाली टाकली. "दाराला लाव. घर बघायला लोक यायचेत ना?"

टिचकूने दाराला पाकळी लावली. जांभळी जांभळी. आता घर असं काही सजलं, की टिचकूलाच वाटलं, विकू नये!

पण लाट म्हणाली, सळ्ळ्ळ्! आले! आले! आलेच!

पळ टिचकू, पळ! तुरतुर तुरतुर तुरतुर तुरतुर, तिरका तिरका तिरका तिरका!

नव्या शंखाच्या एका कडेला पाणी लागलं होतं. भोपळूदादा त्याला धरून बसला होता. "किती रे उशीर!" तो ओरडला. "ठिपके, बघ लवकर घर!"

पण ठिपकी कसली घाई करते! तिने घराला फेरी मारली. पाकळीचा वास घेतला. आत डोकावली. वर बघितलं. डावा डोळा मिटून बघितलं. उजवा डोळा मिटून बघितलं.

"ऊन येतंय का?" टिचकूने विचारलं.

"नाही," ठिपकी म्हणाली.

"मग?"

"मग काय! घेतलं!"

खपलं! घर खपलं!

ठिपकीने टिचकूला गुलाबी शिंपला दिला. टिचकूने तो भोपळूदादाला दिला. भोपळूदादाने तो पाण्यात ठेवला. लाट आली, सळ्ळ्, आणि शिंपला घेऊन गेली.

आता घरं बदलायची. तिघं ओळीत उभे राहिले. पुढे भोपळूदादा, मध्ये टिचकू, मागे ठिपकी. तुम्ही सगळे डोळे मिटा बरं. घट्ट मिटा! खेकडा घराबाहेर आला ना, की त्याचं पोट उघडं पडतं. नागडं पोट! आणि कुणी बघितलं तर त्याला फार लाज वाटते. मिटले डोळे? ए, तू बघतोयस! मीट.

एक... दोन... तीन!

सुळ्ळ्! भोपळूदादा नव्या शंखात.

सुळ्ळ्! टिचकू भोपळूदादाच्या घरात.

सुळ्ळ्! ठिपकी टिचकूच्या घरात.

उघडा डोळे!

भोपळूदादा आतून म्हणाला, "वा!"

ठिपकी आतून म्हणाली, "किती छान घासलंय!"

टिचकू तर दिसेचना!

"टिचकू?" ठिपकीने हाक मारली.

"ए टिचकू! आहेस ना?" भोपळूदादाने दारावर टकटक केलं.

मग लांबून, खूप आतून आवाज आला. "ओ ऽऽऽ..."

"काय करतोयस आत?"

"पाय पसरतोय!" टिचकू म्हणाला. "एक पसरला. दुसरा पसरला. सगळे पसरले. डोकंही आतच आहे. आणि अजून जागा आहे! अजून जागा आहे, भोपळूदादा!"

लाट आली. सळ्ळ्. टिचकूच्या दारापर्यंत आली आणि हळूच मागे गेली. टिचकू आत गाढ झोपला होता.

झाली गोष्ट, मिटा ओठ. आता तुम्हीही पाय पसरा. एक पाय. दुसरा पाय. पसरले? असेच राहू द्या.